वैमानिक घडवायचा तर नववीपासून

गेवराईच्या बाजारात आमचे कापडाचे दुकान आहे. दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून एक दर्जी बसत. त्यांचा मुलगा शाळा सुटली की बापाच्या हाताखाली येई. पोरगा हुशार, तोंडी हिशेबात आमच्या मुनीमजींना मागे टाकणारा. पण बापाने दोऱ्याचे रीळ आणायला पाठवले की हमखास चूक करी. तपकिरी कापडाला हिरवा दोरा, हिरव्याला तपकिरी. आम्ही हसायचो. "मियाँ, ध्यान कुठे असते?" असे म्हणून रीळ बदलून द्यायचो.

मुलगा बारावी पास झाला तेव्हा बाप संकोचत गादीवर आला. "सेठ, पोट्टा पायलट बनूंगा बोलरा." गावोगाव फिरणाऱ्या एका एजंटाने नोंदणीसाठी एक लाख मागितले होते. घरचे दागिने मोडून पंच्याहत्तर हजार जमले होते, पंचवीस हजार कमी पडत होते. आम्ही ते बिनव्याजी दिले. खोटे कशाला बोला, त्या दिवशी आम्हाला आपल्या दानतीचा थोडा अभिमानही वाटला. पुढे वैद्यकीय तपासणीची वेळ आली आणि कळले की मुलाला लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नाही. वैमानिकाला दिव्यांचे रंग ओळखता आलेच पाहिजेत, त्यामुळे तो दरवाजा बंद झाला. एजंटाच्या ऑफिसला तोवर कुलूप लागले होते.

त्या दिवशी आम्हाला ती रिळे आठवली. सगळी माहिती आमच्याच दुकानात पडलेली होती. रंग ओळखण्याची तपासणी डोळ्यांचा डॉक्टर छापील ठिपक्यांचे पुस्तक दाखवून काही मिनिटांत करतो. आम्ही पंचवीस हजार दिले, पण त्या पोराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले नाही. पैसा देणे आम्हाला जमले, विचारपूस करणे जमले नाही.

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंपुढे आज हीच गोष्ट मांडायची आहे. गरिबाच्या मुलाला वैमानिक करायचे म्हटले की सगळे फीचा आकडा सांगतात. आकडा मोठा आहेच. व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सपर्यंत आज पन्नास लाखांच्या आसपास खर्च येतो. त्यानंतर एखाद्या मोठ्या विमानाचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. पण आमच्या मुलांची वाट या आकड्यापाशी पोहोचण्याआधीच, नववी-दहावीच्या वर्गात अडते, कारण तेथे सांगणारा कोणी नसतो.

सांगण्यासारखे फार नाही, पण ते वेळेवर सांगायला हवे. व्यावसायिक लायसन्ससाठी वय अठरा पूर्ण लागते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असावे लागतात. २०२५ साली ही अट काढून टाकण्याची चर्चा झाली, पण त्या भरवशावर मुलांना ठेवू नये. ज्याने कला किंवा वाणिज्य शाखा घेतली त्याला हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येतात, हे कितीजणांना माहीत आहे? उड्डाण २०० तासांचे, त्यात १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. जोडीला हवामान, दिशाज्ञान, हवाई नियम आणि विमानाचे तंत्र यांच्या लेखी परीक्षा, शिवाय रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा. हा सारा कारभार इंग्रजीत चालतो. चष्मा असला म्हणून मुलगा बाद होत नाही. चष्म्याने नजर पूर्ण होत असेल तर चालते. रंगांधळेपण मात्र चालत नाही. म्हणून कोणाच्याही हातावर एक रुपया ठेवण्याआधी हवाई वाहतूक महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी. असे डॉक्टर पुण्या-मुंबईत आहेत आणि तपासणीचा खर्च काही हजारांचा आहे.

कोणी म्हणेल, बीड जिल्ह्याच्या शहराला रेल्वे मिळायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला आणि तुम्ही विमानाच्या गोष्टी करता! पण विमान आपल्यापासून समजतो तितके दूर नाही. जे. आर. डी. टाटांनी ज्या मुंबई फ्लाइंग क्लबमध्ये शिकून १९२९ साली देशातले पहिले लायसन्स घेतले, त्या क्लबचे प्रशिक्षण पुढे धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर आले. म्हणजे आमच्या दारावरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्गच तेथे नेतो. गोंदिया आणि बारामती येथे प्रशिक्षण संस्था आहेत. जळगावच्या विमानतळावर अशा संस्थांना २०२१ साली जागा देण्यात आली. आणि आपल्या लोकांना हे क्षेत्र नवे आहे असेही नाही. उर्दूच्या प्रसिद्ध लेखिका हिजाब इम्तियाज अली यांनी १९३६ साली लाहोरच्या फ्लाइंग क्लबमधून लायसन्स मिळवले होते. त्या मात्र खानदानी, सुखवस्तू घरातल्या होत्या. प्रश्न आहे तो दर्जी, बागवान, पिंजारी, तांबोळी यांच्या मुलांचा.

त्याचे उत्तर आपल्या जुन्या राजधानीने, हैदराबादने दिले आहे. सय्यदा सल्वा फातिमा ही तेथील जुन्या शहरातली मुलगी. वडील बेकरीत कामाला. बारावीनंतरच्या शिकवणी वर्गात 'सियासत' या उर्दू दैनिकाचे संपादक जाहिद अली खान यांची आणि तिची गाठ पडली. काय व्हायचे आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा ती पायलट म्हणाली. ते हसले नाहीत. त्यांनी तिला तेथील एव्हिएशन अकादमीत दाखल करण्याची व्यवस्था केली. मधे अडचणी आल्या, वर्षे गेली, लग्न झाले, पण पाठीशी उभा राहिलेला माणूस हटला नाही. पुढच्या प्रशिक्षणासाठी तेलंगण सरकारने ३६ लाख रुपये मंजूर केले. यातला क्रम ध्यानात घ्यावा. आधी माणूस उभा राहिला, सरकारची मोठी रक्कम नंतर आली. मुलगी उंबरठ्यापर्यंत पोहोचलेली होती म्हणून सरकारला पैसे देण्यासाठी कोणीतरी समोर दिसले.

आपल्या राज्यातही असा दरवाजा आहे. महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे 'महाज्योती', ही इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना नागपूर फ्लाइंग क्लबमधून वैमानिक प्रशिक्षण देण्याची योजना राबवते. फी संस्था भरते. हा क्लब १९४७ चा, सरकारच्या देखरेखीखालचा. मधली काही वर्षे तेथील उड्डाणे बंद होती, तेव्हा उशीर आणि सरकारी रेंगाळणे गृहीत धरावे. पण योजना खरी आहे.

आता आमचे बंधू म्हणतील, ती आपल्यासाठी नाही. येथेच आपण चुकतो. आपल्यातल्या अनेक कारागीर बिराद्या राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींसाठी वर्षानुवर्षे चळवळ केली आणि १९९४ साली राज्य सरकारने या बिराद्यांना सवलती देण्याचा निर्णय केला. त्या निर्णयाचा फायदा उचलायला कागद लागतात: जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, पडताळणी. आणि कागदापाशीच आपली गाडी अडते. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले निघते. मग दुसरे कागद शोधावे लागतात. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या अमदानीतले कित्येक दस्त उर्दूत आहेत आणि ते वाचणारी माणसे रोज कमी होत आहेत. आमची तालीम उर्दू माध्यमातली. इंग्रजी बिल वाचायला आम्ही दुकानात बसून शिकलो आणि त्या कमीपणाची बोच उमरभर राहिली. पण तोच उर्दूचा तुकडा आज एखाद्या पोराचा दाखला मिळवून देऊ शकतो. आमच्या वयाच्या प्रत्येक उर्दू जाणणाऱ्याने आठवड्यातला एक तास या कामाला द्यावा.

ज्या बिराद्या यादीत नाहीत त्यांचे काय? मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शिक्षणासाठी कर्ज देते, पण या खर्चापुढे ते तोकडे पडते. राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. महाज्योती जे करते ते मार्टीनेही करावे, अशी मागणी मराठवाड्यातल्या प्रत्येक व्यापारी संघटनेने लेखी करायला हवी. संभाजीनगर आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. मालाच्या खरेदीला आपण जातोच, तेव्हा एक अर्जही घेऊन जावा.

आमचा प्रस्ताव साधा आहे. वीस दुकानदारांनी महिना पाचशे रुपये बाजूला काढले तर वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. यातून वैमानिक होणार नाही. पण नववीच्या मुला-मुलींची डोळ्यांची तपासणी होईल, इंग्रजी व गणिताची शिकवणी होईल, दाखल्यांची धावपळ होईल आणि ज्याची तयारी आहे त्याची वैद्यकीय तपासणी व परीक्षा फी भागेल. जकातीचा पैसा यात लावावा की नाही हे उलेमांना विचारावे. आम्ही बोलतो ते दुकानाच्या नफ्यातल्या पैशाचे. हिशेबाची वही उघडी असावी, आणि प्रत्येक मुलामागे एक माणूस नेमावा. त्याने महिन्यातून एकदा त्या मुलाच्या घरी जाऊन चहा प्यावा आणि अभ्यास विचारावा, एवढेच.

याबरोबर एक सावधगिरीही सांगतो. लायसन्स हातात आले म्हणजे नोकरी आली असे नाही. लायसन्स घेऊन वाट पाहणारी मुले आहेत. म्हणून शेत विकून, घर गहाण टाकून कोणी या फंदात पडू नये आणि आपणही कोणाला तशी भर घालू नये. दहा मुलांत एक वैमानिक झाला तरी खूप. बाकीचे नऊ गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी शिकलेले निघतील, हाती जातीचा दाखला असलेले निघतील. इंजिनिअरिंगला, सरकारी परीक्षेला, आपल्याच धंद्याला ते उपयोगी पडेल. असा घाट्याचा सौदा कोणता व्यापारी नाकारेल?

त्या दर्जीभाईंनी आमचे पंचवीस हजार दोन वर्षांत रुपया-रुपया करून फेडले. मुलगा आता पुण्यात एका गोदामात हिशेब लिहितो, ईदला भेटतो, अदबीने सलाम करतो. त्याने कधी तक्रार केली नाही. पण तो समोर आला की आम्हाला वाटते, देणे आमच्याकडे बाकी आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा गेवराईच्या उर्दू आणि मराठी दोन्ही शाळांच्या नववीच्या वर्गात आम्ही डोळ्यांचा डॉक्टर घेऊन जाणार आहोत. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी दुकानावर येऊन नाव लिहावे. अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो आणि आपल्याला त्यांची विचारपूस करण्याची तौफिक देवो.