अण्णांची निळी गाडी

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. हळद-कुंकवाचे तबक घेऊन मी दारच्या गाडीपुढे उभा राहिलो आणि हात बॉनेटवरच थबकला. कुंकू लावावे तरी कुठे? मधोमध पांढुरके चट्टे उठलेले, आणि एके ठिकाणी तर कांद्याच्या सालीसारखा पापुद्राच सुटलेला!

गाडी अण्णांची. १९९९ साली निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेली, मेटॅलिक निळी. अण्णा आता नाहीत. आईने मात्र बजावून ठेवले आहे, "गाडी जुनी झाली तर होऊ दे, पण तिचा रंग तेवढा बदलू नकोस."

वाचकहो, जुन्या गाडीला वैद्य फार! शेजारच्या काकांनी खोबरेल तेल सुचवले. लावले. गाडी दोन दिवस नवरीसारखी चमकली आणि तिसऱ्या दिवशी रस्त्यावरची सारी धूळ अंगाला चिकटवून बसली. एका मिस्त्रीने गाडीकडे धड न पाहताच निकाल दिला, "सगळी घासून नवीन मारू, साहेब!" दुसरा मिस्त्री वयस्कर होता. तो म्हणाला, "आधी धुऊन आणा. मळक्या अंगावरून रोग कळत नाही."

धुतलेल्या गाडीभोवती त्याने एक फेरी मारली आणि मला शिकवणीच दिली. पूर्वीच्या साध्या रंगाच्या गाड्यांत रंग हाच सर्वांत वरचा थर असे. घासला की खालचा ताजा रंग वर येई. मेटॅलिक गाडीचे तसे नाही. तिचा निळा रंग मुळात मंद असतो. चकाकी असते ती त्यावरच्या पारदर्शक थराची, म्हणजे क्लिअर कोटची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. डोक्याच्या केसाहूनही कमी! उन्हातले अतिनील किरण हाच थर अंगावर झेलतो. म्हणून आडवे पडलेले टप आणि बॉनेट आधी जातात, दरवाजे मागाहून.

"पाणी मारून चमकली म्हणून फसू नका," तो म्हणाला. "बारीक ओरखड्यांत पाणी भरलं की मेलेला रंगही जिवंत दिसतो." खरी परीक्षा नखाची. चट्ट्याच्या कडेला नख अडकले, तर थर सुटला आहे. दुसरी परीक्षा पांढऱ्या फडक्याची. थोडे सौम्य पॉलिश घेऊन तळहाताएवढीच जागा चोळायची. फडके मळकट होऊन चकाकी परतली, तर बिघाड वरवरचा. फडक्याला गाडीचाच रंग लागला, तर तिथला क्लिअर कोट संपला. मग जगातले कुठलेही पॉलिश तो परत आणू शकत नाही.

दरवाजे पहिल्याच हाताला उजळले. टपही मंदच होता, पण अभंग होता. हलक्या पॉलिशने तो सावरला. बॉनेटवर मात्र फडके निळे झाले.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. "गाडी कोरड्या फडक्याने पुसत होतं का कोणी?"

मी काहीच बोललो नाही. रोज सकाळी सहाला, जुन्या धोतराचा तुकडा घेऊन अण्णा गाडी पुसत. कोरडी. शिवाय दर दिवाळीला बॉनेटवर रबिंग कंपाउंडचा जोरकस हात! धुळीचा कण न् कण त्या पातळ थरावरून कानशीसारखा फिरत होता, आणि अण्णांना वाटे, गाडी कशी लखलखते आहे! निम्मे ऊन, निम्मी माया. दोघांनी मिळून बॉनेट खाल्ले.

उन्हाळ्यात काम काढले. सुटलेल्या थराच्या कडा वॉटर पेपरने नख अडकेनासे होईपर्यंत उतरवल्या. रंग एका पत्र्यावर मारून, शेजारच्या उन्हाने विटलेल्या भागाशी ताडून, मगच बॉनेटवर मारला. त्यावर हार्डनर मिसळलेला क्लिअर कोट, तोही एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मध्येच ठिगळ मारले तर सांधा दिसतो आणि पुढे तिथूनच साल निघते. हे काम घरच्या गच्चीवर करू नये. हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. आपण घरी धुवावे, सौम्य पॉलिश करावे, वॅक्स लावावे. आणि नव्या थरावर वॅक्सचीही काही आठवडे घाई करू नये.

चालकाच्या दाराच्या मुठीमागे अण्णांच्या अंगठीचे बारीक ओरखडे आहेत. "हे पण काढून टाकू का?" मिस्त्रीने विचारले. मी म्हणालो, "तेवढे राहू द्या."

यंदाच्या दसऱ्याला आई बाहेर आली. बॉनेटवरून हात फिरवून तिने विचारले, "तोच ना रे रंग?"

"तोच."

ती आत गेली आणि धोतराचा जुना तुकडा घेऊन आली. घडी घालून जपलेला. "ह्यानंच पुसत जा. ते कोरडंच पुसायचे हं!"

मी मान डोलावली. ती आत जाईपर्यंत थांबलो, आणि मग तो तुकडा पाण्याच्या बादलीत बुडवला.