जीवदया : गोदामाच्या दारातील कुत्रा

वैशाखाचे ऊन तापू लागले की नागपुरात इतवारी, गांधीबाग, महाल या भागांत दुकानांसमोर पाणपोया लागतात. रांजणांना ओले लाल फडके गुंडाळले जाते, गच्चीच्या कठड्यावर चिमण्यांसाठी मातीची भांडी येतात, दाराशी येणाऱ्या गाईसाठी सिमेंटची टाकी भरली जाते. या सत्कार्यात जैन व्यापारी घराणी कधीच मागे नसतात. मात्र त्यांच्यापैकीच काहींच्या लकडगंज किंवा कळमन्याकडील गोदामात भर दुपारी डोकावले, तर फाटकाच्या गजाला हातभर साखळीने जखडलेला राखणदार कुत्रा दृष्टीस पडतो. सकाळी बांधला तेव्हा तेथे सावली होती. अकरानंतर ती भिंतीपलीकडे सरकली. साखळी मात्र तेवढीच राहिली. पाण्याचे पातेले त्याच साखळीत अडकून केव्हाच लवंडलेले असते.

२३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. वेधशाळेचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. पत्र्याच्या छपराखाली आणि सिमेंटच्या अंगणात बांधलेल्या प्राण्याच्या वाट्याला त्याहून कितीतरी अधिक दाह येतो. माणसाला अंगभर घाम सुटतो, कुत्र्याला तो जवळजवळ केवळ पंजांच्या गाद्यांपुरताच येतो. धापा टाकून, जीभ आणि श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ करून तो स्वतःला थंड ठेवतो. त्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून तप्त झाली की धाप हाच एक उपाय उरतो, आणि धापेला पाणी लागते. पाणी संपले की धापही निष्फळ होते. शरीर ४१ अंशांच्या पुढे तापले तर मेंदू, मूत्रपिंड आणि आतडी यांवर आघात होऊन काही तासांत प्राण जाऊ शकतो.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. प्रतिक्रमणाच्या वेळी श्रावक त्यांची आलोचना करतो. गोदामातील त्या कुत्र्याला कोणी मारत नाही, त्याच्यावर ओझेही लादत नाही. घरचे सारे त्याच्यावर माया करतात. तरीही पाचांपैकी पहिला आणि शेवटचा, असे दोन अतिचार तेथे रोज घडत असतात, आणि हेतू वाईट नसल्यामुळेच ते ध्यानात येत नाहीत. श्रावकाचारावरील टीकाकारांना व्यवहाराची जाण होती. राखणीसाठी वा अन्य कारणाने पशूला बांधावे लागेल, हे त्यांनी मान्य केले. पण बंधन सैल असावे आणि आग लागली तर त्याला सोडवता यावे, अशी मर्यादा घातली. नवतपाच्या नऊ दिवसांत नागपूरचे अंगण आगीहून फारसे निराळे नसते. विशेष म्हणजे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही नेमक्या याच गोष्टी अपराध ठरवल्या आहेत : अवाजवी आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे, आणि मालकाने पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे.

व्यापारी समाजाचा आणि कुत्र्यांचा संबंध इतिहासातही मोलाचा आहे. १८३२ च्या जूनमध्ये, भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईतील पारशी रस्त्यावर उतरले. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे १८३४ मध्ये शेठ मोतीशा, म्हणजे मोतीचंद अमीचंद, आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. शत्रुंजयावरील मोतीशा टूक जैन घरांत सर्वांना ठाऊक असते. पांजरापोळीचा आरंभ गाईंइतकाच कुत्र्यांच्या रक्षणातून झाला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

गोदामासाठी करावयाचे ते थोडेच आहे. साखळीऐवजी दोन भिंतींमध्ये तार ताणून तिच्यावर कडी सरकती ठेवली, तर कुत्रा सावलीमागोमाग जाऊ शकतो. त्याहून उत्तम म्हणजे दुपारी त्याला मोकळे सोडून आतल्या हवेशीर खोलीत घ्यावे. पाण्यासाठी स्टीलचे पातेले नको. ते तापते आणि लवंडते. दगडाची वा सिमेंटची रुंद, जड कुंडी सावलीत ठेवावी. पाणी गाळलेले असतेच. पण तेच पाणी आठवडाभर साचू दिले तर त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागतात, आणि मग कुंडी उपसणे हीच त्रसजीवांची हिंसा ठरते. दिवसातून दोनदा कुंडी पुसून ताजे पाणी भरावे. चिमण्यांच्या भांड्यांनाही हाच नियम लागू आहे.

चौविहार पाळणाऱ्या काही घरांत सूर्यास्तानंतर पाळीव कुत्र्याचेही पाणी उचलले जाते. भावना शुद्ध आहे, तरी हे योग्य नव्हे. व्रत माणसाने समजून-उमजून घेतले आहे, त्या जिवाने नाही. नागपुरात मे महिन्यात रात्री दहापर्यंत भिंती उष्णता ओकत असतात; पाणी रात्रभर असलेच पाहिजे.

घरातील कुत्रे कूलरसमोर सुखाने झोपते. परंतु कूलरचे पत्र्याचे अंग आणि खालची ओली फरशी यांतून विजेचा धक्का बसण्याचे प्रसंग या शहराला नवे नाहीत. अर्थिंग तपासून घ्यावे, ते घरच्या मुलांसाठीही आवश्यक आहे. फिरायला उजाडताच न्यावे. सायंकाळी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून पाहावी. हात टिकत नसेल तर पंजेही टिकणार नाहीत. पगसारख्या चपट्या नाकाच्या आणि हस्कीसारख्या बर्फाळ प्रदेशातील जाती हौसेने आणणाऱ्यांनी या शहराचा उन्हाळा आधी आठवावा.

रस्त्यावरील कुत्र्यांचा प्रश्न वादाचा आहे. त्यांना खाऊ घालू इच्छिणाऱ्यांनी त्यांना दत्तक घेऊन घरीच खाऊ घालावे, असे ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार खाऊ घालणे ठरवून दिलेल्या जागीच करावयाचे आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या दाराशी पोळ्या टाकून पुण्य जोडू नये. ज्या आईच्या लेकराला कुत्रा चावला, तिचा संतापही समजून घेण्याजोगा असतो.

कुत्रा अतिवेगाने धापा टाकू लागला, लाळ चिकट झाली, हिरड्या लालबुंद दिसल्या, तो झोकांड्या खाऊ लागला वा ओकला, तर ऊन लागले असे समजून तत्काळ सावलीत घ्यावे. अंगावर पाणी ओतत राहावे आणि पंखा लावावा. गच्चीवरच्या टाकीचे नळाचे पाणी दुपारी कढत असते. रांजणाचे पाणी वापरावे. बर्फाची वाट पाहण्यात वेळ दवडू नये. ओले फडके अंगावर गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता कोंडते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. अंग निववतच पशुवैद्यकाकडे न्यावे. सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात उपचारांची सोय आहे. तो उठून बसला तरी दाखवणे टाळू नये, कारण आतील इजा कधी कधी दुसऱ्या दिवशी प्रकट होते.

राहता राहिला सुट्टीचा प्रश्न. उन्हाळ्यात कुटुंबे शिखरजीला वा लग्नकार्यांना गावी जातात, गोदामाला कुलूप लागते आणि कुत्रा चौकीदाराच्या भरवशावर राहतो. चौकीदारही माणूसच आहे. दुपारी तोही सावली शोधत जातो. म्हणून निघण्यापूर्वी फाटकाची दुसरी किल्ली शेजारच्या दुकानदाराकडे द्यावी आणि रोज दुपारी बारा व चार वाजता कुंडी पाहण्याचे त्याच्याकडून कबूल करून घ्यावे.