शिशाची गोळी गेली, नळीचा पीळ मात्र तोच

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्याची शिकार शिशाच्या गोळीने करता येत नाही. हा कायदा २०१३ साली झाला व टप्प्याटप्प्याने अमलात आला. वाद मात्र शमलेला नाही. एक पक्ष म्हणतो, कायद्याने पक्ष्यांचे प्राण वाचतात. दुसरा म्हणतो, बिनशिशाच्या गोळ्या महाग आहेत आणि नेमही धरत नाहीत. महागाईची तक्रार खरी आहे. पण नेमाच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा गोळीत नसून गोळी आणि नळी यांच्या विजोड जोडीत असते, असे आम्हांस वाटते.

प्रथम कायद्याचे कारण पाहू. काँडर हे तेथील महाकाय गिधाड. १९८२ साली असे अवघे २२ पक्षी जगात उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात वंश वाढवावा लागला आणि १९९२ पासून ते पुन्हा मोकळे सोडण्यात आले. या पक्ष्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मेलेल्या जनावराच्या मांसातून पोटात जाणारे शिसे. आपल्या बेटावरील केस्ट्रेल ससाणे १९७४ साली रानात केवळ चारच उरल्याचे ज्ञात होते, हे वाचकांना आठवत असेल. एकेका पक्ष्याचे मोल काय असते, हे मॉरिशसच्या माणसाला सांगावयास नको.

शेतात बिळे करणाऱ्या खारी, कोयोट अशा उपद्रवी प्राण्यांसाठी हलक्या, अतिवेगवान गोळ्या वापरतात. त्यांचे आवरण पातळ असते; लागताच त्यांचे तुकडे तुकडे होतात. मेलेली खार कोणी घरी नेत नाही, ती शेतातच पडून राहते. तिच्या अंगातील शिशाचे कण मग गिधाड-गरुडांच्या पोटात जातात. म्हणून गोळी लहान असली तरी तिचा प्रश्न लहान नाही.

आता नळीकडे वळू. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते व सरळ जाते. चौदा इंचांत एक फेरा होत असेल तर तो सैल पीळ, आठ इंचांत होत असेल तर घट्ट. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. येथे वजनापेक्षा लांबी महत्त्वाची, आणि नेमकी येथेच गफलत होते. शिशाची घनता ११.३, तर तांब्याची सुमारे ८.९. तेवढ्याच वजनाचे तांबे शिशापेक्षा सव्वापट जागा घेते. गोळीची जाडी नळीने ठरवून दिलेली, तेव्हा वाढते ती लांबीच.

ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८७९ साली यासाठी एक सोपे सूत्र दिले. वेगवान गोळीसाठी आज ते असे वापरतात: गोळीच्या व्यासाचा वर्ग करून त्याला १८० ने गुणावे व लांबीने भागावे. ०.२२४ इंच व्यासाची, ०.६५ इंच लांबीची शिशाची गोळी घेतली तर उत्तर १४ इंचांच्या जवळ येते. हे सूत्र शिशाच्या घनतेवर बेतलेले असल्याने तांब्यासाठी उत्तर सुमारे एक दशांशाने कमी धरावे लागते. लांबी ०.७५ इंच झाली की तांब्याच्या गोळीला ११ इंचांत एक फेरा लागतो. पॉइंट बावीस-दोनशेपन्नास ही रायफल कारखान्यातून बाहेर पडू लागली ती बहुधा १४ इंचांच्या पिळाची. तिच्यातून अशी लांब गोळी सुटली तर ती डुलते, कधी आडवी लागते आणि प्राणी तडफडत पळतो. मग दोष मात्र तांब्याला!

यावर उपाय आहे. तांबे व कथील यांच्या चूर्णाचा गाभा असलेल्या ३५-३६ ग्रेनच्या, म्हणजे सव्वादोन ग्रॅमच्या आसपासच्या, आखूड गोळ्या बाजारात मिळतात. त्या सैल पिळालाही मानवतात. त्यांचा वेग लवकर मंदावतो व वारा त्यांना ढकलतो, ही उणीव खरी. पण जवळच्या माऱ्याला त्या पुरेशा आहेत. नव्या पॉइंट दोनशेतेवीस रायफलींचा पीळ ९, ८ किंवा ७ इंचांचा असतो. तेथे लांब गोळीही चालते.

कायदा एका दिवसात बदलतो, बंदूक मात्र बापाकडून मुलाकडे जाते. श्रीमंत शिकारी नवी नळी बसवून घेईल. लहान शेतकऱ्याने काय करावे? कोणत्या गोळीला किती पीळ लागतो हे प्रत्येक खोक्यावर ठळक छापणे, निदान दुकानदाराने सांगणे, हे बंदीइतकेच आवश्यक आहे. शेतकऱ्यानेही नळी साफ करण्याच्या फिरत्या मुठीच्या गजाला घट्ट चिंधी लावून, एका पूर्ण फेऱ्याला गज किती आत जातो ते मोजावे. त्याला पैसाही लागत नाही.

आपल्या बेटावरही हरणांची शिकार होते. उद्या येथे असा नियम आलाच, तर तो करणाऱ्यांनी धातूबरोबर नळीचाही विचार करावा, एवढेच आमचे सांगणे.