चेहरा फुटला, पण मेंदूचे काय?

दुचाकीवरून तोंडावर आपटलेल्या माणसाला अपघात विभागात आणले जाते, तेव्हा सगळ्यांचे लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे जाते. ते स्वाभाविकच आहे. नाकातोंडातून रक्त येत असते, एक डोळा सुजून मिटलेला असतो, पुढचे दात पडलेले असतात. नातेवाईक विचारतात, टाके किती पडतील, व्रण राहील का, लग्नाचे वय आहे हो. रक्त थांबले, टाके पडले की घरी जाण्याची घाई सुरू होते. त्याच धक्क्याने मेंदूला बसलेला मुका मार मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही. चेहऱ्याचे हाड मोडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या मेंदूलाही मार लागला आहे असेच गृहीत धरावे आणि तपासणीने ती शंका फिटेपर्यंत त्याला घरी सोडू नये, हा नियम वैद्यकीय पुस्तकांत आहे. तो प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात आणि प्रत्येक घरात पोहोचायला हवा.

चेहऱ्याची हाडे आतून पोकळ आणि पातळ असतात. त्यामुळे ती आधी मोडतात, धक्का पचवतात आणि मेंदू वाचतो, असे पूर्वी मानले जाई. १९०१ मध्ये फ्रान्समधील रेने ल फोर या शल्यचिकित्सकाने मृतदेहांच्या चेहऱ्यांवर आघात करून हाडे कोणत्या रेषांत मोडतात याची नोंद केली. वरच्या जबड्याच्या अस्थिभंगाचे तीन प्रकार आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात. त्याच्या प्रयोगांत चेहरा मोडूनही कवटी बहुधा शाबूत राहिली होती. पण कवटी शाबूत असणे म्हणजे मेंदू सुखरूप असणे नव्हे. मेंदू कवटीच्या आत पाण्यात तरंगत असतो. वेगात असलेले डोके एकदम थांबले की आतला मेंदू पुढे जाऊन कवटीवर आदळतो, पिळवटतो, त्याचे बारीक तंतू ताणले जातात. हे सगळे कवटीला तडाही न जाता घडू शकते. नाकाचे हाड थोड्या धक्क्यानेही मोडते. पण गालाचे, कपाळाचे किंवा संपूर्ण वरच्या जबड्याचे हाड मोडायला मोठा जोर लागतो, आणि तो जोर चेहऱ्यापाशीच संपत नाही.

सर्वांत फसवा रुग्ण म्हणजे शुद्धीवर असलेला, बोलणारा. कानशिलाचे हाड तडकून त्याखालची रक्तवाहिनी फाटली, तर कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. सुरुवातीचे काही तास रुग्ण उठून बसतो, चहा मागतो, मोबाइल शोधतो. मग डोके ठणकू लागते, उलट्या होतात, झोप अनावर होते आणि एका डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागते. तोपर्यंत तो घरी पोहोचलेला असेल, तर घरचे म्हणतात, दमलाय, झोपू दे. हे रक्त वेळेत काढले तर रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणूनच तो वाटेत किंवा घरी दगावणे अधिक जिव्हारी लागते.

दुसरी फसगत दारूची. तोंडाला वास येतो आहे, बरळतो आहे, म्हणजे चढली आहे, असा निष्कर्ष पोलीस काढतात, नातेवाईक काढतात आणि कधी कधी डॉक्टरही काढतात. दारू प्यायलेल्या माणसाच्या मेंदूतही रक्तस्राव होतो. उलट तो पडताना स्वतःला सावरत नाही, म्हणून थेट तोंडावर आपटतो. त्याची गुंगी दारूची की रक्तस्रावाची, हे वासावरून ठरवता येत नाही. चेहरा फुटलेल्या दारुड्याला कोपऱ्यातल्या खाटेवर ‘उतरेपर्यंत’ झोपवून ठेवणे धोक्याचे आहे. त्याचा सीटी स्कॅन आधी करायला हवा.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. मेंदूला जबर मार लागून बेशुद्ध असलेल्या रुग्णाचा चेहरा विसरला जातो. शुद्धीवरचा माणूस सांगतो, की दातांवर दात बसत नाहीत, एका वस्तूच्या दोन दिसतात, ओठ बधिर झाला आहे. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण यातले काहीच सांगू शकत नाही. चेहऱ्याची मोडलेली हाडे बसवण्याची शस्त्रक्रिया साधारण दोन आठवड्यांच्या आत केली तर सोपी जाते. मुलांची हाडे त्याहूनही लवकर जुळतात. पुढे ती वेडीवाकडी जुळून येतात. जिवावरचे संकट टळून रुग्ण महिन्याभराने घरी जातो, तेव्हा कळते, की तोंड नीट उघडत नाही, घास चावता येत नाही, डोळा आत गेला आहे. अशा रुग्णाला आधीच विस्मरण आणि चिडचिड यांच्याशी झगडायचे असते. त्यात आरशातला अनोळखी चेहरा आणि पातळ जेवण यांची भर पडते. कामावर परतणे आणखी लांबते.

मग आधी काय करायचे, मेंदू की चेहरा? क्रम ठरलेला आहे. सर्वांत आधी श्वास. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी मोडला की जीभ मागे पडते. रक्त आणि तुटलेले दात घशात जातात. गुदमरलेल्या मेंदूला प्राणवायू मिळत नाही आणि मूळ इजा दुपटीने वाढते. त्यानंतर रक्तस्राव, मग मेंदू. त्याच वेळी मानेचे मणके मोडले आहेत असे समजूनच रुग्णाला हलवायचे. चेहऱ्याच्या हाडांची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा काही दिवस थांबू शकते. अपवाद आहे तो डोळ्याचा. डोळ्यामागे रक्त साठून दाब वाढला तर काही तासांत दृष्टी जाऊ शकते, म्हणून सुजलेली पापणी हलकेच उघडून बाहुली पाहणे टाळता येत नाही.

हे साधायला फार मोठा खर्च लागत नाही. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्ध मोजण्याची ३ ते १५ गुणांची पद्धत दिली. तिला यंत्र लागत नाही. डोळे, बोलणे आणि हालचाल एवढेच पाहायचे असते. हे गुण दर तासाला लिहिले, तर ते घसरताना दिसतात. एकदाच लिहिले, तर त्यांचा उपयोग नाही. चेहऱ्यावर मार असलेल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन करताना तो हनुवटीपर्यंत नेला, तर काही क्षणांच्या जादा वेळात चेहऱ्याची हाडेही कळतात. मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर ‘डोक्याला मार’ एवढेच न लिहिता शुद्धीचे गुण, बाहुल्यांची स्थिती आणि चेहऱ्याच्या जखमा लिहाव्यात. मेंदूचा आणि जबड्याचा शल्यचिकित्सक यांनी रुग्ण पहिल्याच दोन दिवसांत एकत्र पाहावा. जिथे मेंदूचा शल्यचिकित्सक नाही, तिथून रुग्ण कुठे आणि किती वेळात पाठवायचा, हे आधीच ठरलेले असावे. अपघात झाल्यावर फोन फिरवत बसण्यात जाणारा तास परत मिळत नाही.

अपघाताच्या जागी जमलेल्यांचाही यात वाटा आहे. आपल्याकडे पहिली धाव पाण्याच्या बाटलीकडे जाते. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाते. बेशुद्ध माणूस उताणा असेल आणि तोंडात रक्त असेल, तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघातिघांनी त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखे पातळ काही गळत असेल, तर ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. तिथे बोळे कोंबू नयेत, नाक शिंकरू देऊ नये. दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे दिसणे हे कवटीचा तळ तडकल्याचे लक्षण असू शकते. मदत करणाऱ्यांना कायद्याने संरक्षण दिले आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ अ त्यासाठीच आहे.

आणि हेल्मेट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ जण रस्त्यावर मृत्युमुखी पडले. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसलेले ५०,०२९ होते आणि त्यातले १४,३३७ मागच्या आसनावरचे. तरीही पुण्यासारख्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने झाली. जे घालतात त्यांच्यातही अनेकांचे हेल्मेट अर्धे, टोपीसारखे असते आणि पट्टा लोंबत असतो. कलम १२९ पट्टा घट्ट बांधायलाही सांगते. न बांधलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोहोचते, आणि टोपीवजा हेल्मेट चेहऱ्याला उघडाच ठेवते. दंडाच्या पावतीपुरते घेतलेले हेल्मेट बाजूला ठेवून हनुवटी झाकणारे, आयएसआय चिन्हाचे हेल्मेट घ्यावे. मागे बसणाऱ्या आईसाठी, बायकोसाठी, मुलासाठी दुसरेही घ्यावे.

एवढे करूनही कोणी तोंडावर पडलाच, तर टाके पडल्यावर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: मेंदूची तपासणी झाली का? घरी सोडले, तर पहिले २४ तास कोणीतरी जवळ राहावे, रात्री अधूनमधून उठवून नाव विचारावे. नीट जाग आली नाही, उलटी झाली, बोलणे अडखळले, हातपाय लुळा वाटला, तर सकाळ उजाडण्याची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.