एका वर्षाची पावती

बारावीचा निकाल लागला की लालबाग-परळच्या चाळींतून एकच प्रश्न, "आर्ट्स, कॉमर्स की सायन्स?" एकदा शिक्का बसला की बसला! आता तसं राहिलेलं नाही. नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांतही आलं. मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीला पहिल्याच वर्षी कॉमर्स किंवा सायन्सची तोंडओळख करून देणारा 'ओपन इलेक्टिव्ह' घेता येतो. हे मला मनापासून आवडलं.

दुसरी सोय मात्र दुधारी आहे. पहिलं वर्ष पुरं करून, वर चार क्रेडिटचा अभ्यास केला की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. १९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्या भागातल्या कितीतरी मुलींनी कॉलेज अर्ध्यावर सोडलं. त्यांच्या शिकलेल्या वर्षाची पावतीसुद्धा कुणी दिली नाही. त्या दृष्टीने ही सोय मोलाचीच.

पण परवा मंडळात एक आई म्हणाली, "ताई, वर्षात सर्टिफिकेट मिळतंय ना? मग स्थळं बघायला घेऊ." माझ्या पोटात धस्स झालं. मुलाच्या बाबतीत ती असं म्हणाली असती का?

मी तिला सांगितलं, ही क्रेडिट्स 'अ‍ॅकॅडमिक बँके'त जास्तीत जास्त सात वर्षं राहतात. स्थळं बघायचीच तर बघा, पण मुलीचं बँकेतलं खातं आजच उघडून घ्या, आणि पुढची दोन वर्षं ती कधी करणार, हे सासरच्यांना बैठकीतच विचारा.