थर्माकोलचे झाड आणि गिरडच्या सुपाऱ्या

पर्यावरण प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की आमच्या समुद्रपुरात स्टेशनरीच्या दुकानांत आईवडिलांची गर्दी होते. थर्माकोलची शीट, हिरवा रंग, फेव्हिकॉल आणि झाडे वाचवण्याच्या घोषणांची रंगीत प्रिंट. रात्री अम्मी कापते, अब्बा चिकटवतात आणि ज्याचा प्रकल्प आहे तो केव्हाच झोपलेला असतो. पुढे ते झाड शाळेच्या कपाटावर धूळ खाते. राज्याने 2018 साली थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी घातली, पण पर्यावरणाच्या तासाला तो अजून चालतो.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरणाचे शिक्षण द्यायला सांगितले आणि 2003 मध्ये पुन्हा बजावले. पुस्तक आले, गुण आले, मुलांचे हात मात्र कोरडेच राहिले.

वाईट याचे वाटते की हे वर्धा जिल्ह्यात घडते. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने, असे तिथे ठरले. त्याची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. पुढे राष्ट्रपती झाले म्हणून आपण त्यांचे नाव पाठ करतो. सूत कातताना गणित आणि वाफ्यात काम करताना निसर्गविज्ञान शिकवायची आखणी त्यांच्या देखरेखीत झाली, हे आपल्याच मुलांना कोणी सांगत नाही. त्या काळी मुस्लिम लीगने या योजनेला विरोध केला. आपल्या मध्यप्रांतात शाळांना 'विद्यामंदिर' नाव दिल्यामुळे त्यात भरच पडली. नावावरची ती नाराजी मला समजते. पण त्या भांडणात वाफा आणि टकळी दोन्ही हातची गेली, ती आजतागायत.

अगदीच गेली असेही नाही. सेवाग्रामला 2005 पासून आनंद निकेतन शाळा पुन्हा सुरू आहे. तिथे मुले शेती करतात, सूत काततात, स्वयंपाकही करतात. समुद्रपूरहून सेवाग्राम काही परदेश नाही. पण आपल्या पालकांच्या सहली वॉटर पार्कला जातात.

मला विचाराल तर आपल्या पोरांना ध्रुवावरचे अस्वल दाखवून सुरुवात करू नये. आपला परिसर म्हणजे पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि फवारणीचा पंप. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या घरात तो पंप दाराआड उभा असतो, त्या घरातल्या मुलासाठी पर्यावरण तिथूनच सुरू होते.

म्हणून निंबोळ्या. जून-जुलैत त्या झाडाखाली सडा घालतात, नेमक्या शाळा उघडतात तेव्हा. मुलांनी वेचाव्यात, गर काढून धुवाव्यात, सावलीत वाळवाव्यात. पाच किलोंची भरड रात्रभर पाण्यात भिजवून गाळली आणि एकूण 100 लिटर पाणी केले की पाच टक्के निंबोळी अर्क तयार. शेकडेवारी फळ्यावर न शिकवता येते. शेवटी मोठ्या माणसाने तो फवारावा आणि मुलांनी आठवडाभर पानामागचे किडे मोजावेत. मोजण्यात पोरांना फार मजा येते, हे शिक्षकांनाही ठाऊक आहे. काही निंबोळ्या ताज्या असतानाच पेराव्यात, कारण त्यांची उगवणशक्ती थोड्याच आठवड्यांत संपते. स्वतः पेरलेल्या रोपाला मूल विसरत नाही. नेत्याच्या हस्ते लावलेल्या रोपाला मे महिन्यात, 45 अंशांत, शाळा बंद असताना पाणी घालायला कोणी नसते. (घरी नीम, पुस्तकात कडुनिंब, गावात नुसता निंब. एका झाडात तीन शब्द, हाही एक तास होतो.)

दुसरा खेळ आमच्या मशिदीतल्या मकतबमध्ये आम्ही करून पाहिला. वुजूच्या नळाखाली बादली ठेवली आणि नेहमीसारखा वुजू करा म्हटले. कोणाची अर्धी बादली भरली, एका पठ्ठ्याची काठोकाठ. मग सांगितले की रसूलुल्लाह एका मुद्द पाण्यात वुजू करत, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर, आणि वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये अशी त्यांची ताकीद आहे. लोटा हातात दिल्यावर चढाओढ लागली. पाणी वाचवण्यावर मी जुम्म्याचे बयान अनेकदा ऐकले आहे. त्या बादलीइतका परिणाम एकाचाही झालेला पाहिला नाही.

आणि गिरड तर आपल्याच तालुक्यात आहे. शेख फरीद बाबांच्या टेकडीवर सुपारीएवढे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, त्यांनी माफी मागितल्यावर बाबांनी सुक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, अशी कथा आहे. भूशास्त्र म्हणते, हे झिओलाइट आहे, लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांत तयार झालेले. मुलांना दोन्ही सांगावे, टेकडीवर नेऊन. दगड हातात घ्यावा, वजन करावे, भिंगातून पाहावा आणि तिथेच ठेवून यावे. आणि सुक्या पानांपासून माल कसा होतो ते शाळेच्या खड्ड्यात करून पाहावे: पाने, शेण, थोडे पाणी, महिन्याभराने पालट. आपण मात्र रोज सकाळी पाने झाडून त्यांना काडी लावतो.

यावर एक आक्षेप मी मनापासून मानतो. शेतमजूर बाप विचारतो, "सर, निंबोळ्या वेचायला तर तो घरीही येतो, मग शाळेत कशाला पाठवू?" झाकीर हुसेन समितीलाही हा धोका दिसला होता. कमाईवर भर दिला तर मुलांचे श्रम पिळले जातील, असा इशारा अहवालातच आहे. त्यात आपल्याकडे जात आहे. झाडू कोणाच्या मुलाच्या हातात जातो आणि कुंडीला पाणी घालताना फोटो कोणाच्या मुलाचा निघतो, हे सगळ्यांना माहीत असते. म्हणून माझी अट साधी आहे: काम सगळ्यांनी करायचे, गुरुजींनी आणि मुतवल्लींच्या नातवानेसुद्धा. आणि ज्या कामात मोजणे, विचारणे, लिहिणे नाही, ते काम शाळेत नको. ती मजुरी झाली.

मकतबच्या मुलांनी आता पुढचा प्रश्न काढला आहे. वुजूचे पाणी गटारात का जाते? आवारातल्या निंबापर्यंत ते न्यायला तीस फूट पाइप लागेल, असे त्यांनी दोरीने मोजून सांगितले. पाइपचे पैसे कोण देणार, यावर येत्या जुम्म्यानंतर कमिटी बसणार आहे.