दुर्बीण गेली, कागद तरी राहावेत!

पुण्याकडे जाणारी लोकल कासारवाडी सोडते, दापोडी आणि खडकी मागे टाकते आणि काही मिनिटांतच शिवाजीनगरला पोहोचते. तेथून जवळच सीओईपीचे, म्हणजे पूर्वीच्या कॉलेज ऑफ सायन्सचे आवार आहे. त्या काळी देशातील सर्वांत मोठी असलेली दुर्बीण एकेकाळी येथे होती, हे या लोकलने रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून साकारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची ती वीस इंची परावर्ती दुर्बीण. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला या वेधशाळेचे प्रमुख होते. ते निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये वेधशाळा बंद पडली. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. पुण्याजवळ उरले ते केवळ छापील कागद.

हे कागद मात्र मोलाचे आहेत. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी नायगमवाला यांचे पथक सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही त्याच गावी मुक्कामाला होते. या मोहिमेचा सविस्तर अहवाल वेधशाळेने १९०२ मध्ये प्रसिद्ध केला. असे अहवाल विक्रीसाठी नसत. मोजक्या प्रती छापून त्या वेधशाळांना आणि विद्वत्संस्थांना पाठविल्या जात. त्यामुळेच आज ते दुर्मिळ ठरतात.

पंचांगाचीही नोंद हवी

दुर्बिणीच्या इतिहासाचा मराठी धागा याहूनही जुना आहे. तरुणपणी कुलाबा वेधशाळेत काम केलेल्या केरूनाना छत्रे यांचा ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील वेधांवर आधारलेले गणित त्यामुळे प्रथमच मराठी गणकाच्या हाती आले. पुढे १८६५ पासून निघालेल्या पटवर्धनी पंचांगाने हे गणित थेट घराघरांत नेले. पंचांगात लिहिलेले आकाशात दिसलेच पाहिजे, या दृक्‌प्रत्ययाच्या आग्रहावरून महाराष्ट्रात दीर्घकाळ वाद झडले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात या परंपरेचा साक्षेपी आढावा घेतला. ग्रंथ जपले जातात. पंचांग मात्र पाडवा उलटताच निरुपयोगी ठरते. म्हणूनच जुनी पंचांगे ग्रंथांहूनही दुर्मिळ होण्याचा धोका आहे.

दुसरा धोका कागदाचाच आहे. गॅलिलिओचे ‘सिडेरियस नुन्सियस’ हे पुस्तक मार्च १६१० मध्ये व्हेनिस येथे छापले गेले. त्याच्या ५५० प्रती निघाल्या. चिंध्यांपासून बनविलेला तो कागद चार शतकांनंतरही मजबूत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद रूढ झाला. तो पिवळा पडतो, दुमडताच तुटतो. म्हणजे गॅलिलिओच्या तुलनेत ‘अलीकडची’ असलेली आपली पुस्तके आधी नष्ट होणार आहेत!

स्कॅन पुरेसा नाही

यावर ‘स्कॅन करून ठेवा’ असा सोपा उपाय सुचविला जातो. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. गॅलिलिओच्या हातची चंद्रचित्रे असल्याचे सांगितली गेलेली ‘सिडेरियस’ची एक प्रत २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात आली. जाणकारांनी ती खरी मानली. २०१२ मध्ये इतिहासकार निक वाइल्डिंग यांनी ती बनावट असल्याचे दाखवून दिले. मिशिगन विद्यापीठाने अभिमानाने जपलेले गॅलिलिओचे हस्तलिखितही २०२२ मध्ये खोटे ठरले. कागदावरील जलचिन्ह गॅलिलिओनंतर शतकाहून अधिक काळाने बनलेल्या कागदाचे निघाले. हा निर्णय मूळ कागद हाताशी असल्यानेच करता आला. प्रत कोठून आली, कोणाच्या हातून गेली, शिक्के कोणते, याची नोंद नसलेला संग्रह म्हणजे केवळ हौस ठरते.

म्हणूनच प्रश्न कासारवाडीपर्यंत येतो. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात मायक्रॉनच्या अचूकतेने सुटे भाग घडतात. मोजमापाचे मोल येथील कामगार आणि अभियंते यांना कोणी शिकविण्याची गरज नाही. यांपैकी अनेक घरे गावाकडून आलेली. जुन्या वाड्यांतील पेट्या आणि पंचांगांचे गठ्ठे यांच्याशी त्यांचे नाते अद्याप तुटलेले नाही. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत राष्ट्रीय वारशाचे जतन आणि सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी यांचा स्पष्ट समावेश आहे. शाळांना संगणक देणाऱ्या उद्योगांनी एक आम्लरोधक कपाट, एक ग्रंथपाल आणि एक नीट सूची यांचाही विचार करण्यास हरकत नाही.

गॅलिलिओची प्रत विकत घेणे या शहराच्या आवाक्याबाहेरचे असेल; त्याची गरजही नाही. जेऊरचा अहवाल, छत्र्यांची कोष्टके आणि पटवर्धनी पंचांगाचे सलग अंक एका ठिकाणी आणणे मात्र शक्य आहे. दुर्बीण १९१२ मध्ये गेली, तेव्हा निर्णय सरकारचा होता. आता कागद रद्दीत गेले, तर तो दोष इतर कोणाच्या माथी मारता येणार नाही.